भाषेचा तास राहणार

प्रिय पेयो,

शिबिर समितीचा अध्यक्ष म्हणून तू पाठवलेली चिठ्ठी मिळाली. भाषेचा तास बंद करून त्या जागी पोहणं ठेव, मुलं कंटाळतात, म्हणे. नाही ठेवणार. नेवाडात पोहायला कुठेही जाता येतं. या गावात आपल्या पूर्वजांची बास्क भाषा शिकवणारी मी एकटीच उरलेय. काढायचंच तर आधी मला काढ, आणि चाळीस मुलांसमोर उभं राहून कारणही तूच सांग.

कंटाळतात हे खोटं नाही. नाचायला, ओंडके फोडायच्या शर्यतीला सगळे पुढे. क्रियापदं आली की जांभया. गेल्या मंगळवारी अकरा वर्षांच्या नेकानेनं सरळ विचारलं, "बाई, पण ही भाषा बोलायची कुणाशी? माझी आजीसुद्धा गेली." वीस वर्षं शिकवतेय, आणि मी पाठ फिरवली. उगाचच फळा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला आणि आणखी पाच जणांना घेऊन आपल्या बाबांच्या वृद्धाश्रमात गेले. वसंतातल्या त्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलंय, फक्त बास्क उरलीय, हे तू जाणतोसच. नेकानेनं घोकलेलं बास्क वाक्य म्हटलं, "कसे आहात?" बाबांनी भुवया चढवल्या. "हिला कुणी शिकवलं? मेंढी खोकल्यासारखं बोलते!" मी अर्थ सांगितला तशी पोरगी खो खो हसली आणि पत्ते पिसून मुसचा डाव मांडून बसली. मुसमध्ये भिडूला खुणा करता येतात, पण खोट्या नाही; हातात काही नसताना बाबांनी दोन राजे असल्याची खूण करत ओठ चावला. पत्ते उघडल्यावर ती ओरडली, "आजोबा, ही लबाडी आहे!" मग खेळता खेळता ते म्हणाले, "ऊरा." नेकाने उठली आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. दारातली नर्स बघतच राहिली. "रोज हेच म्हणतात हो. मला वाटायचं, रेडिओ लाव म्हणतायत." परतताना नेकानेनं माझ्याकडून आणखी वीस शब्द लिहून घेतले.

आता पत्राचं खरं कारण. रविवारी तू बाबांजवळ अर्धा तास बसलास. त्यांनी एकच वाक्य चार वेळा म्हटलं. तू त्यांचा हात थोपटलास, "हो हो, बाबा" म्हणालास आणि दारात मला सांगितलंस, "बडबड वाढलीय." बडबड नव्हती ती, पेयो. तू सहा वर्षांचा होतास. शाळेत मुलांनी तुझ्या बोलण्याच्या नकला केल्या, तू रडत घरी आलास, आणि त्या दिवसापासून बाबांनी घरात इंग्रजीच बोलायचं ठरवलं. मी चौदाची होते, माझी भाषा टिकली. तुझी गेली. रविवारी ते म्हणत होते, "पेयो, तुझी भाषा मी तुझ्यापासून तोडली. मला माफ कर." अर्थ मी कळवला. तुझं उत्तर मात्र मी पोचवणार नाही. ते तुलाच द्यायचंय, त्यांना कळेल अशा भाषेत. सोमवारी नऊला वर्गात ये, लहान मुलांच्या बाकावर बस. हसतील, हसू देत. लागणारं वाक्य तीन शब्दांचं आहे, आणि बाबा थकत चाललेत.

तुझीच, हट्टी बहीण,
गाशुशा