डॅनिशच्या गावी जाताना

अंकल, जूनमध्ये आम्ही कोपनहेगनला निघालोय. मी, बायको आणि मुलगी. परवा व्हिसा हातात आला आणि पहिल्यांदा मनात आलं ते तुम्हाला सांगायचं. तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा माझ्या मुलीचा जन्मही झाला नव्हता. तरी सांगतो. शुक्रवारची, सुट्टीची दुपार आहे, जेवणं झाली आहेत, इथे आखातात अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोघी आतल्या खोलीत झोपल्यात आणि मी बाहेर टेबलाशी बसलोय.

दरवर्षी सुट्टीत आम्ही गावी जातो. या वर्षी मुलगी दहावी चांगली पास होणार असं तिच्या शाळेत सगळे म्हणायला लागले, म्हणून मी विचारलं, बक्षीस काय हवं? कुठे जाऊ या? मला वाटलं, दुबई म्हणेल. ती म्हणाली, कोपनहेगन. "बाबा, तिकडे सगळे सायकल करतात. ऑफिसवाले, आजीलोक, मिनिस्टरपण." तिचं मराठी असंच आहे, शाळेत दिवसभर इंग्रजीच चालतं. मी म्हणालो, "माहीत आहे मला." तिला खरं वाटेना. "तुम्हाला कसं माहीत?" मग मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. तोवर तिला एवढंच ठाऊक होतं, की बाबांना वसईच्या एका अंकलनी केक-पेस्ट्री शिकवली.

कुरुमच्या त्या हॉटेलात मी वेटर म्हणून आलो होतो. माझं इंग्रजी ऐकून मॅनेजरने मला आत किचनमध्ये ढकललं, आणि तुम्ही मला पेस्ट्रीच्या टेबलाशी उभं केलंत. पन्नाशी उलटलेली, तरी तुम्ही रोज क्वार्टरपासून सायकलवर यायचात, पँटला क्लिप लावून, भर उन्हात, मोठमोठ्या गाड्यांच्या कडेकडेनं. हॉटेलचे ड्रायव्हर चिडवायचे, "अंकल, अब तो गाड़ी लो." तुम्ही सायकलला कुलूप घालत सांगायचात, की हॉटेल नवीन होतं तेव्हा ज्या शेफनं तुम्हाला लोण्याच्या घड्यांची ती डॅनिश पेस्ट्री शिकवली तो कोपनहेगनचा होता, आणि त्याच्या गावात मोठे साहेब टाय लावून सायकलवरून कामाला जातात. "मला म्हणाला होता, ये एकदा, दाखवतो." आम्ही मान डोलवायचो आणि पाठ वळली की हसायचो. साहेब आणि सायकल हे आमच्या डोक्यात बसतच नव्हतं. तो शेफ करार संपवून परत गेला, तुमचं जाणं राहून गेलं. त्याबद्दल हळहळताना मात्र मी तुम्हाला कधी ऐकलं नाही.

आणि तो दिवस. माझं लग्न नुकतं झालेलं, बायको गावी, मला तिच्याशी फोनवर बोलायचं होतं. पीठ आणि लोणी थंड झाल्याशिवाय पुढची घडी घालायची नाही, हे तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी कोल्ड रूममधून पीठ लवकर काढलं, भराभर लाटलं, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि फोनकडे धावलो. परत आलो तर तुम्ही ओव्हनपुढे उभे. ट्रेमध्ये लोण्याचं तळं झालेलं आणि त्यात डॅनिश पुरीसारख्या चपट्या पडलेल्या. आता घरचं तिकीट, असं माझ्या मनात आलं. तुम्ही दोन प्लेट घेतल्यात, एकेक डॅनिश ठेवलीत, चहा ओतलात. "बस. खा." मी म्हणालो, "अंकल, तुम्ही कशाला?" "केलीस तू, शिकवली मी. दोघांनी खायची." चावता चावेना. तुम्ही शेवटच्या घासापर्यंत खाल्लीत आणि मग विचारलंत, "काय म्हणाली बायको?" त्यानंतर मी पीठ कधी लवकर काढलं नाही. आता माझ्या हाताखाली चौघं आहेत. त्यांनी बिघडवलेलं मीही त्यांच्यासोबत बसून खातो. त्यांना वाटतं, ही माझीच पद्धत आहे.

सायकलही तुम्हीच शिकवलीत. आमच्या गावात नुसते चढउतार, सायकल कुणाच्या घरी नव्हतीच. शुक्रवारी चर्चमधली मिसा आटोपून तुम्ही आलात की हॉटेलमागच्या मोकळ्या जागेत तुम्ही कॅरियर धरून धावताय, चांगला शर्ट घामानं पाठीला चिकटलाय, आणि मी ओरडतोय, "सोडू नका, सोडू नका." तुम्ही म्हणताय, "सोडली कधीच. यल्ला, चल, पुढे बघ." मी मागे बघतो आणि पडतो. आपण दोघंही जमिनीवर बसून हसतोय. करार संपवून वसईला जाताना तुम्ही ती सायकल मला देऊन गेलात. तिच्यावरून मी बरीच वर्षं कामाला गेलो. खाऱ्या हवेनं शेवटी ती खाल्ली.

आता घरात रोज संध्याकाळी बेत चालतात. मुलगी नकाशा उघडून बसते, कुठल्या पुलावर फक्त सायकली जातात ते दाखवते. बायकोला सायकल येत नाही आणि शिकायचीही नाही. मुलीने उपाय काढला. तिकडे पुढे मोठी पेटी लावलेल्या तीनचाकी सायकली भाड्यानं मिळतात, पेटीत आईला बसवायचं. बायको म्हणाली, "मी काय भाजीची पाटी आहे?" मग फोटो बघून हळूच म्हणाली, "पेटीत गादी असते का पण?" म्हणजे ती बसणार. आता शनिवारीही सुट्टी असते, तेव्हा मी पहाटे शेजाऱ्याची सायकल घेऊन कुरुमच्या समुद्रावर सराव करतो. वळायच्या आधी तिथे हात दाखवावा लागतो म्हणे, मुलगी काठावर उभी राहून ओरडते, "बाबा, हँड, हँड."

आणि एक गंमत ऐका. तिनेच शोधून काढलं, की तिकडे डॅनिशला कोणी डॅनिश म्हणतच नाही. व्हिएन्नाचा पाव म्हणतात. तुम्हाला हे ठाऊक होतं का? तुमच्या शेफनं सांगितलं असेल आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नसेल, असंही असू शकतं.

पहिल्या सकाळी कुठल्या बेकरीत जायचं ते मी ठरवून ठेवलंय. दोघींना सांगितलंय, "तोच एक बेत माझा, बाकी सगळं तुम्हा दोघींचं." हे पत्र टाकायला पत्ता नाही, मुलीच्या जुन्या पुस्तकांत कुठेतरी राहील. म्हणून मनातलं एक सांगून टाकतो. त्या डॅनिशचा पहिला घास घ्यायची मला जरा भीती वाटते. ती तुमच्या डॅनिशपेक्षा चांगली निघाली, तर मी तुम्हाला कळवणार नाही.