पंचवीस एप्रिल कोणाचा?

१८ फेब्रु., मंगळवार

अर्ज पाठवला एकदाचा. नितीनने (आमच्या क्लबचा प्रेसिडेंट, मूळचा नाशिकचा, माइक नसला तरी चालतो असा आवाज) शेवटच्या क्षणी त्यात "हक्क" हा शब्द चार वेळा घातला होता. तीन मी काढले. एक राहू दिला, नाहीतर रुसला असता.

मागणी साधी आहे. लीगमध्ये नऊ क्लब, पण पंचवीस एप्रिलची, अँझॅक डेची मॅच वर्षानुवर्षं फक्त दोघांची. रेल्वेवाले आणि गोदीवाले. सुट्टीचा दिवस, युद्धात गेलेल्यांची आठवण, बिगुल, शांतता, मग फुटबॉल (इथला, अंडाकृती चेंडूचा), आणि अख्खा भाग मैदानावर लोटलेला. बाकी सात क्लबांनी कुंपणाबाहेर उभं राहून सॉसेज खायचं. आम्ही म्हणतो, आळीपाळीने द्या.

खरं तर अर्ज ईरामुळे. सतरा वर्षांची झाली, पाच वर्षं खेळतेय, एकदाही तो दिवस मिळाला नाही. "व्हाय डू दे ओन अ डे, आई?" उत्तर म्हणून अर्ज लिहिला.

महेश, नवरा या नात्याने, म्हणाला, "तुला काम कमी पडतंय." भांडी त्याला घासायला लावली.

६ मार्च, गुरुवार

रॉनचा फोन. मला वाटलं होतं चिडलेला असेल. नाही चिडला. त्यामुळेच मला जास्त ओशाळल्यासारखं झालं.

रेल्वे क्लबचा अध्यक्ष. सत्तरी ओलांडली. मेलबर्नला, पॉइंट कुकला राहायला आलो तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ईराच्या मॅचला गोल अंपायर कमी पडला आणि कोणीतरी पांढरा कोट माझ्या अंगावर चढवला. समोरच्या टीमचा हा म्हातारा माझ्या मागे उभा राहिला आणि पूर्ण मॅचभर, झेंडे कधी दोन हलवायचे (गोल) आणि कधी एक (थोडक्यात हुकला, नुसता पॉइंट), हे शिकवत बसला. त्याची टीम हरत होती तरी.

त्याच्या तोंडी मी शुभाची शूबा. आज म्हणाला, "शूबा, तुला माहितीय का ही मॅच दोघांचीच का?" सांगितलं. पहिल्या महायुद्धाला निघायच्या आधी रेल्वेच्या आणि गोदीच्या पोरांनी याच मैदानावर एक मॅच खेळली. ती अर्ध्यात सोडून बोटीवर गेले. बरेचसे परत आले नाहीत. "ती मॅच आम्ही अजून पूर्ण करतोय," म्हणाला.

 

मग म्हणाला, या वर्षी स्मृतीचं टेबल तुमच्या क्लबने मांडा. दिवस जवळून बघा. नंतर मतदान आहेच. नितीनला यात डाव दिसतोय. मी हो म्हणून टाकलं.

३० मार्च, रविवार

रॉनने खोका आणून दिला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या अकरा फ्रेमी. हे टेबल दर वर्षी त्याची बायको मांडायची. ती गेल्या सप्टेंबरात गेली. खोका देताना हात दोन वेळा मागे घेतला त्याने. "अवर बॉइज," एवढंच म्हणाला. जास्त काही विचारायचा मला धीर झाला नाही.

आठ फोटो कृष्णधवल. तीन रंगीत, वाळवंटातले, अगदी तरुण पोरं, गॉगल डोक्यावर. खाली नुसती नावं.

मीनलला दाखवले (ती क्लबचं चहापाणी बघते). म्हणाली, "अगं, नुसतेच ठेवायचे? किती ओकेबोके दिसतील. हार घालू या ना." मलाही तेच वाटलं. गेलेल्या माणसाचा फोटो, समोर फुलं नाहीत, बघवत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

मीनलच्या अंगणातला झेंडू पुरला नाही. डँडेनॉन्गला जाऊन आलो, म्हणजे अख्खं मेलबर्न आडवं ओलांडून. फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानात हार मिळाले. अकरा मोजून घेतले. गाडीभर वास.

ईरा म्हणे, "इज दिस ओके? लाइक, डिड यू आस्क?" मी म्हटलं, आदर दाखवायला विचारावं लागतं का?

२५ एप्रिल, शुक्रवार, दुपार

लिहायला बसलेय.

टेबल सुंदर झालं होतं. पांढरी चादर, अकरा फ्रेमी, अकरा हार. गोदीवाल्यांची एक आजी डोळे पुसत म्हणाली, इतकी वर्षं कोणाला सुचलं नाही. मी फुलून गेले होते, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात एक माणूस येऊन उभा राहिला. लोकरी टोपी, कडक इस्त्रीचा शर्ट, चाळिशीच्या आतबाहेर. अकराव्या फोटोकडे बघत होता. नाक तेच, हनुवटी तीच. मला वाटलं, भाऊ असेल.

"हे कोणी केलं?"

मी ऐटीत सांगितलं, आम्ही केलं, ही आमच्याकडची पद्धत.

मागून ईरा हळूच म्हणाली, "आई. दॅट्स हिम."

 हार काढायला हात पुढे केला तर त्याने माझं मनगट धरलं. जोरात नाही. "राहू दे. काय अर्थ असतो ते सांग."

थाप मारता आली असती. सन्मान असतो, स्वागत असतं, काहीही. त्याच्या डोळ्यांकडे बघून जमलं नाही. सांगितलं. फोटोला हार म्हणजे माणूस गेला.

तो हसला. मोकळं हसला, तेच जास्त भयंकर होतं. शेजारच्या दोन रंगीत फोटोंकडे बोट दाखवून म्हणाला, "हे माझे मेट्स. ते गेले. मला इथे कितीतरी वर्षं त्यांच्या रांगेत ठेवलंय, पण तोंडावर सांगणारी तू पहिलीच."

मग नाव सांगितलं. डेल. रॉनचा मुलगा.

बिगुल वाजला तेव्हा रॉनच्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. डेल पार्किंगमधून निघून गेलेला मी बघितला. रॉन समोरच बघत उभा राहिला.

मॅच कोण जिंकलं मला ठाऊक नाही.

२६ एप्रिल, शनिवार

रॉनला फोन करून सगळं सांगितलं.  म्हणाला, "तुझी चूक नाही. मीच सांगायला हवं होतं." फोटो टेबलावर डेलच्या आईने ठेवला होता. डेल अफगाणिस्तानातून आला त्या वर्षी. तो आला आणि आला नाही, असं ती म्हणायची. तिच्यामागे तो उचलायचा कोणी? रॉनने नाही उचलला.

लीगकडून ईमेल, हारांवरून. "दिवसाच्या स्वरूपाशी पुरेसा परिचय नसणं" असं काहीतरी. नितीन भडकलाय, उत्तर दे म्हणतो. काय उत्तर देऊ? खरंच आहे ते.

जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला मी. मी असलं काही मानत नाही. तरी सकाळी देवापुढे दिवा लावताना त्याचं नाव घेतलं. डेल, आडनावासकट. आई असती तर मला फाडून खाल्लं असतं.

२९ एप्रिल, मंगळवार

रॉन घरी आला. चहा घेतला, बिस्किट नुसतं हातात धरून ठेवलं.

मतदान ६ तारखेला. नितीन तेव्हा नाशिकला असणार, क्लबतर्फे मत मी देणार, हे त्याला माहीत आहे. चार बाजूने, चार विरोधात, असं त्याचं गणित. नववी मी. चार-चार राहिले तर अर्ज पडला.

"विरोधात दे असं मी म्हणणार नाही," म्हणाला. "तुझा क्लब आहे. फक्त मत देऊ नकोस. गप्प बस."

मग डेलबद्दल बोलला. वर्षभर घरात. पडदे बंद. एकच दिवस असा आहे की तो स्वतः उठतो, शर्टाला इस्त्री करतो, येऊन बापाच्या शेजारी उभा राहतो. "दुसऱ्यांच्या मॅचला तो येणार नाही. तो दिवस गेला तर माझ्याकडे त्याला उठवायला काही नाही."

विचार करते म्हटलं. दारापर्यंत सोडायला गेले तर म्हणाला, हार छान होते.

४ मे, रविवार

ईराची मॅच, मी गोलपाशी, पांढऱ्या कोटात. पहिला क्वार्टर संपला आणि मागून आवाज, "शूबा?" कुंपणाला टेकून डेल.

आधी मी माफीच मागत सुटले. त्याने हात हलवला. म्हणाला, ते नाही, मतदानाचं बोलायला आलोय. हो म्हण. वाटून टाका ती मॅच.

मी म्हटलं, पण तुझे बाबा...

"डॅडला वाटतं मी मॅचसाठी येतो. मी डॅडसाठी येतो. तो दिवस येणार म्हणून मार्चपासून झोप नाही मला. सगळे माझ्याकडे बघतात, त्या फोटोंच्या रांगेत यायला मला उशीर झाल्यासारखे." आणि, "दुसऱ्या कोणाची असली तर मला घरी बसता येईल. त्याचं मन न मोडता."

मग म्हणाला, त्याला सांगू नकोस मी आलो होतो. वचन दे. दिलं. शिट्टी झाली, वळून बघितलं तर निघाला होता.

पुढच्या क्वार्टरला मी एक गोल दिला, तो बहुतेक पॉइंट होता.

५ मे, सोमवार

ऑफिसात काही सुचलं नाही. बाप म्हणतो हा दिवस त्याला जगवतो. मुलगा म्हणतो मारतो. दोघंही माझ्याशी खरं बोलले, एवढं मला कळतं. पण बरोबर कोण?

महेशला सांगितलं. (वचन रॉनला न सांगायचं होतं. तरी चुकलंच.) म्हणाला, "शुभा, हा मॅचचा प्रश्न आहे. तू डॉक्टर नाहीस." हेही खरं.

हे दोघं मध्ये नसते तर माझं उत्तर ठरलेलं होतं. दिवस सगळ्यांचा आहे. कोणाचा पणजोबा कुठल्या बोटीतून गेला यावरून दुःखाचा ताबा कोणी कायमचा घेऊ शकत नाही. फेब्रुवारीत मला हे स्वच्छ दिसत होतं. आजही तसंच वाटतं, पण आता भीती वाटते.

६ मे, मंगळवार

मीटिंग. रॉन दोनच मिनिटं बोलला, कागद न बघता. अर्ध्यात राहिलेली मॅच, तीच गोष्ट. टाळ्या नाहीत, खोकले.

चिठ्ठ्या वाटल्या. पेन माझ्याकडे होतं तरी शेजाऱ्याचं मागितलं. मी "हो" लिहिलं.

पाच विरुद्ध चार. गुप्त मतदान म्हणायचं नुसतं, खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. पुढच्या वर्षीपासून आळीपाळी, पहिली पाळी आमची.

रॉनने जॅकेट चढवलं, माझ्यापाशी आला. "गुड ऑन यू, शूबा." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

७ मे, बुधवार

व्हॉट्सअॅपवर अभिनंदनाचा पाऊस. नितीनने नाशिकहून लांबलचक व्हॉइस मेसेज टाकला, "इतिहास" तीनदा. मीनलने लाडू आणले.

ईराने घट्ट मिठी मारली. "वी डिड इट, आई!" आणि मला एकदम हुंदकाच आला. तिला वाटलं आनंदाने. तिला तसंच वाटू दिलं.

१२ मे, सोमवार

सकाळी अकराला, ऑफिसात असताना, रॉनचा फोन. शनिवारपासून डेल घरी नाही. गाडी नाही. फोन बंद. पोलिसांना कळवलंय. आवाज अगदी सरळ, यादी वाचून दाखवल्यासारखा.

"मी त्याला मतदानाचं सांगितलं तेव्हा काही बोलला नाही. चहा करून दिला मला. शूबा, कोणीतरी म्हणालं की त्या रविवारी मुलींच्या मॅचला तो कुंपणापाशी तुझ्याशी बोलत होता. काय म्हणाला?"

जिन्यात जाऊन उभी राहिले. वचन दिलं होतं. आठच दिवस झाले त्याला.

सांगितलं. सगळं. मार्चपासून झोप नसायची ते, लोक बघतात ते. मी डॅडसाठी येतो, तेही.

 

मग रॉन म्हणाला, "मला तो बिगुल सहन होत नाही. कधीच झाला नाही. ती गेल्यावर तर मी जाणं थांबवणारच होतो." श्वास घेतला. "मी फक्त त्याच्यासाठी जात होतो."

मी काहीतरी बोलले. त्याचं तुमच्यावर प्रेम आहे म्हणून तो येत होता, असलं काहीतरी. त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे. किनाऱ्याच्या रस्त्याने बघून येतो म्हणाला, लहानपणी तिकडे मासे धरायला न्यायचा त्याला. ठेवला.

महेशला बोलावून घेतलं, आम्हीही दोन ठिकाणी बघून आलो. ईरा घरी फोनपाशी बसून होती.

आता साडेपाच वाजलेत. रॉनला तीनदा लावला, उचलत नाही. परत लावते.