कॉक एकदम सोडू नये

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार (इथली फरशी आत्ताच पुसली आहे, म्हणून मनातल्या मनात). मी बरा आहे. तुमची तब्येत विचारत नाही. काकूच्या चिठ्ठीवरून कळलं की डोळे पिवळे, पाय सुजलेले, आणि नवीन यकृतासाठी यादीत नाव लावूनही तुम्ही "बघू, घाई काय" म्हणत लोकांच्या टाक्या दुरुस्त करत हिंडताय. फोन केला असता, पण अनोळखी नंबर तुम्ही उचलत नाही आणि माझा नंबर कायम अनोळखीच असतो. म्हणून पत्र.

तुमचं नाव ज्या हॉस्पिटलात आहे, तिथेच मी चार महिने ऑपरेशन थिएटरात मदतनीस आहे. (योगायोग समजा. इथे चहा दोनदा मिळतो. याआधी रंगकाम, मग कोंबड्यांच्या गाडीवर, मग सर्कशीत तंबूच्या दोऱ्या ओढणं. त्यात एक उंट होता, पण उंटाचं राहू दे.) चार महिने एका जागी! तुम्ही मला 'गळका' म्हणता, पण बघा, टिकलो.

तर बुधवारी सकाळी एका ट्रकवाल्याचं यकृत बदलताना मी कोपऱ्यात उभा होतो. काका, सगळं काम तुमच्याच नळजोडणीच्या धंद्यातलं हो! नवीन यकृत बर्फाच्या पेटीतून आलं, रंग न घासलेल्या पातेल्यासारखा. मोठ्या डॉक्टरांनी जाड शिरांचे सांधे जोडले, केसाएवढ्या दोऱ्याने, आणि रक्त अजून चिमट्यांनी अडवलेलं. मला वाटलं, आता चिमटे काढले की झालं. तसं नसतं. आधी यकृतात भरून ठेवलेलं टिकवायचं पाणी धुऊन काढतात. तुम्ही नाही का म्हणायचात, नवी लाइन जोडली की पहिला गाळ जाऊ दे, कॉक एकदम सोडू नये? (मी एकदा सोडला होता. शिंपीणकाकूंचं छत अजून तुम्हाला आठवत असेल.) गार पाणी तसंच हृदयाकडे गेलं तर हृदय दचकतं म्हणे.

यकृताला ऊब द्यायला कोमट सलाइन लागतं आणि ते आणणं माझं काम. मोठ्या सिस्टरांनी बाहेरचं गरम कपाट उघडलं, तर बाटल्यांच्या मधोमध माझा डबा. (गार जेवण मला सोसत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.) सिस्टर म्हणाल्या, "अरे, आत माणूस गार पडलाय आणि तू भाजी गरम करतोयस?" डबा खिडकीत गेला, मी बाटल्या घेऊन धावलो.

डॉक्टरांनी विचारलं, "सोडू?" भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, "दोन मिनिटं." त्यांनी सुया ओळीने लावून ठेवल्या आणि मान हलवली. चिमटा हळूच सैल झाला. रक्त शिरलं आणि पडद्यावरचे ठोके लांब लांब पडू लागले. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. बाईंनी एक सुई दिली, दुसरी दिली, माझ्या हातातली बाटली मला जड झाली. मग ठोके आले, गाडी चढण संपून सपाटीला लागावी तसे. यकृत एका कडेपासून गुलाबी होत गेलं. एक तुकडा करडाच राहिला. डॉक्टरांनी त्यावर नुसता तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि वाट पाहिली. तोही भरला. पुढे तासाभराने कापलेल्या पित्तनळीतून एक सोनेरी थेंब गळला. तिथे असलेले सगळे गळतीवर खूश! तुमच्या धंद्याशी न जुळणारी एवढीच गोष्ट.

काकूला नमस्कार. हे पत्र औषधांच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय, संध्याकाळी पोचेल.

तुमचा पुतण्या,
गळका

ता.क. ट्रकवाला आज उठून बसला. पहिलं वाक्य: "उशी बदला."

ता.क. आणखी एक. योगायोग नव्हता. तुमचं नाव इथे लागलं म्हणूनच नोकरी धरली.

ता.क. खरं ते आता लिहितो. ते यकृत आधी तुमचं होतं. मंगळवारी दुपारी यादीवाल्या बाईंनी तुमचा नंबर (घरात फोन तो एकच) मोठ्याने वाचत सहा वेळा लावला. मी सिस्टरांच्या, लिफ्टवाल्याच्या, चहावाल्याच्या फोनवरून अकरा वेळा लावला. सगळे अनोळखी. तासाभराची मुदत संपली, मग पुढचं नाव. तुम्हाला दोष देत नाही. ही सवय माझ्यामुळेच लागली तुम्हाला. दर गावाहून कुणाच्या तरी फोनवरून मीच पिडायचो, कधी शाळेचा दाखला पाठवा, कधी उंट काय खातो.

तेव्हा आज शपथेवर लिहून देतो, यापुढे मी तुम्हाला फोन करणार नाही. पत्रच लिहीन. म्हणजे अनोळखी नंबर वाजला, तर तो मी नाही. उचला.