काडतुसांचं वाळवण

रत्नागिरी, वैशाख, सन १९३३

अहो, मग मी करायचं तरी काय होतं? 'एक काडतूस विकू नकोस' हे कोण म्हणालं? बोटीवर नेणाऱ्या पडावात एक पाय टाकून, दुसरा पाण्यात, तुम्हीच ना? ते मी ऐकलं, पाळलं, आणि आता, माल गेल्याचं कुणाकडून कळताच, मुंबईहून तार येते, त्यात शब्द एकच, 'मूर्खा'! आणखी दोन शब्द घातले असतेत तर प्रकृती तरी कळली असती.

असो. तीर्थरूप मामांच्या पायांशी दादूचा साष्टांग नमस्कार. (भांडण आधी आणि नमस्कार मागून, ही आमची नवी पद्धत. आम्ही नवे लेखक गोष्टसुद्धा शेपटाकडून धरतो.) इकडे मामी, म्हैस आणि मी खुशाल. मूळव्याधीचं ऑपरेशन कसं झालं? बसता येतं का? येत नसेल तर हे पत्र उभ्यानेच वाचा. बसून वाचायला घेतलंत तरी मध्येच उठाल.

तर तुमची बोट क्षितिजाआड गेली नसेल, तोवर आपल्या काडतुसांच्या दुकानात माणसांची रीघ. सरकार नवा कायदा आणणार, काडतुसं मिळायची बंद होणार, असेल नसेल तो साठा आत्ताच करा, असं म्हणे गावभर झालेलं. पालीच्या खोतांचा महिपत पहाटे चालत निघून आला. येत्या पावसाळ्यात भाताला डुकरं लागणार, म्हणून त्याला आताच काडतुसं हवीत. मी तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आणून (तो मला जमतो, ओठ दुमडायचे आणि नाकातून बोलायचं) सांगितलं, माल संपला. तर म्हणतो, "मेल्या, डुकरं काय कायदा वाचून थांबणार हायत?" मी कॉलेजात शिकलेला माणूस, पुन्हा ओठ दुमडले. मग आपले शेजारी, आंबराईवाले गफूरचाचा आले. ते बाकावर बसले ते उठेचनात. विडी ओढत कपाटाकडे नुसतं बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरा, तुझा मामू रिकाम्या कपाटाला दोन कुलुपं घालणारा माणूस नव्हे." दुपारी सगळे जेवायला गेल्याबरोबर मी काडतुसांच्या पेट्या फणसाच्या हाऱ्यांत घातल्या, वर फणस ठेवले आणि घरी नेऊन माळ्यावर चढवल्या. (एवढं कौतुक तरी करा. फणस जड असतो.)

पण 'माल संपला' हे मी दुकानात परतण्याआधी मामलेदार कचेरीत पोचलं. आता बघा कशी गंमत झाली. गिऱ्हाइकाला माल संपला म्हटलं तर गिऱ्हाईक शिव्या देऊन जातं. सरकार विचारतं, विकला नाहीस तर संपला कसा? गेला कुठे? आणि हल्लीचे दिवस असे, की सरकारला लवंगी फटाक्याचादेखील संशय येतो. काशीराम कारकून छत्री घेऊन दारात. माल बरोब्बर जुळला तर ठीक, नाहीतर तुमच्या मामांचा परवाना गेला समजा, म्हणाले. त्यांनी कपाट उघडलं. आत एक पाल होती, तीही घाबरून निघून गेली. मी म्हटलं, रावसाहेब, माल घरी आहे, अगदी सुरक्षित आहे, चला दाखवतो.

इकडे घरी काय झालेलं? मामी कोकमाची बरणी काढायला माळ्यावर चढली आणि तिला पेट्यांतून कुबट वास आला. आता आपल्या घराचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात टिकवायचं त्याला वैशाखात ऊन दाखवायचं, मग ते काही असो. शिवाय दमट काडतूस फुगतं आणि बंदुकीत शिरत नाही, हे तुम्हीच तिला दर पावसाळ्यात ऐकवता, तेव्हा अर्धा दोष तुमचा. आम्ही घरापुढच्या खळ्यात पाऊल टाकलं तर चटईवर एका बाजूला आंबापोळी, मधे आमसुलं, आणि पलीकडे लाल-हिरवी काडतुसं ओळीने मांडलेली. मामी ती पापडासारखी उलटत होती! काशीराम कारकुनांची छत्री हातातून पडली. आणि छत्री पडल्याचा आवाज झाला म्हणून की काय, फणसावरचे वांदर खाली आले.

ते आले आंबापोळीला. मामीने काठी उगारली, तेव्हा हाताला लागेल ते घेऊन पळाले. काय लागलं ते सांगायला नकोच. एक म्हातारा वांदर तर काडतूस कानाशी धरून हलवत होता, नारळात पाणी आहे का बघावं तसा. मी ओरडलो, बंदूक! बंदूक होती हो घरात. काडतुसं झाडावर होती, आणि उरलेली कारकुनांच्या मोजणीत! गफूरचाचा दगडी गडग्यापलीकडून बंदूक घेऊन आले, नेम धरला, आणि खाली केला. त्यांच्याकडे एकच काडतूस उरलेलं. "हे उडवलं तर दुसरं कोण देणार? तू?" चाचांकडे जेवायला थांबलेला महिपत मागे उभा राहून खदाखदा हसत होता. वांदर नक्कल करतात असं ऐकून होतो, म्हणून मी एक काडतूस त्यांच्या देखत हळूच जमिनीवर टाकलं. एक वांदर खाली आला आणि तेही घेऊन गेला. मग सगळे गडग्यावरून चाचांच्या आंबराईत पसार.

काशीराम कारकून म्हणाले, संपलं. माल कमी भरला, परवाना जप्त.

इथे मामी बोलली. (लुगड्याचा पदर खोचून. मी असं वाक्य अजून एकही लिहू शकलेलो नाही.) "रावसाहेब, वांदर कुणाच्या बागेत गेले? गफूरभाईंच्या. त्यांच्याकडे परवाना आहे ना? मग माल घरपोच झाला. विकला म्हणून लावा."

कारकुनांनी आंबापोळीचा एक तुकडा तोंडात टाकला. चघळत म्हणाले, घेणारा सही करत असेल तर माझं काही म्हणणं नाही. चाचांनी सही केली, पण अशी, की उरलेला माल नेहमीच्या भावाने महिपतला आणि बाकीच्यांना तिथल्या तिथे विकायचा. विकला. तुमचा परवाना शाबूत आहे. आता बोला, मूर्ख कोण?

आपला आज्ञाधारक (म्हणूनच हे सगळं झालं) भाचा,
दादू

ता. क. : नवा कायदा वगैरे काही नाही. कचेरीत कुणालाच माहीत नव्हता. काशीराम कारकुनांनी तो न्हाव्याकडे ऐकला, न्हाव्याला विचारलं तर म्हणाला, तुझ्या मामांनीच दाढी करताना सांगितला, कुणाला सांगू नकोस म्हणून. म्हणजे भाव चढेपर्यंत 'एक काडतूस विकू नकोस', होय ना?

ता. क. २ : हेही न्हाव्याने चाचांना सांगितलं. त्यामुळे सहीला त्यांची आणखी एक अट आहे. वांदर आता त्यांच्या बागेत ठाण मांडून आहेत, दातांत काडतुसं धरून, आणि त्यांच्यावर गोळी झाडायची कुणाची छाती होत नाही. आंबा उतरेपर्यंत बागेत डबा वाजवत पहारा करायला माणूस हवा. नाहीतर चाचा सही मागे घेणार आणि परवाना जाणार. मी शब्द दिला आहे. तुमचा. तेव्हा पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत या. येताना मोठ्या आवाजाचा रॉकेलचा डबा आणा, इथले वांदरांच्या ओळखीचे झालेत. पहारा उभ्यानेच करायचा आहे. डॉक्टरही तेच सांगत असतील.

ता. क. ३ : उत्तर पाठवू नका, मी इथे नसणार. कोल्हापूरची मोटर भोंगा वाजवतेय, मी टपावर चढलो आहे, आणि हे पत्र खाली महिपतच्या हातात टाक—