माझी हलती मान

२० जुलै, रविवार
डावा हात जमला! सारोनची पितळी पट्टी उजव्या हातातल्या हातोडीने ठोकायची आणि त्याच क्षणी आधी ठोकलेली पट्टी डाव्या चिमटीत धरून गप्प करायची — नाहीतर सगळे सूर एकमेकांत मिसळतात. तीन महिने माझा नुसता गोंधळ. आज आमचा अख्खा वाद्यमेळ, गामेलान, वाजला आणि त्यात मी होते! सुकार्मान गुरुजी म्हणतात, हात कुणालाही शिकवता येतो, खरं शिक्षण कानाचं. गंमत म्हणजे पट्टी चुकली तर रागवत नाहीत. डावा हात चुकला की लगेच डोळे वटारतात.

२३ जुलै, बुधवार
शेजारी वाजवणारी वारसिनी म्हणते, मात्रा मोजताना मी मान हलवते. कोंबडी दाणे टिपते तशी. मेळातल्या सगळ्या जणी हसल्या. मीही हसले, पण झोंबलं. समोर ढोलक घेऊन बसलेले गुरुजी तेवढे हसले नाहीत. ते बघत होते. माझ्याकडे!

३० जुलै, बुधवार
आजही बघत होते. मी अंबाड्यात चाफा माळून गेले होते. चोपन्नाव्या वर्षी, आणि विधवा. हसा खुशाल!

१० ऑगस्ट, रविवार
सतरा तारखेला गावच्या मांडवात वाजवायचं. त्यांच्यासमोर कोंबडी दिसायचं नाही म्हणजे नाही. डोक्यावर तांदळाची वाटी ठेवून सराव केला. दोनदाच सांडली.

१७ ऑगस्ट, रविवार
मान ताठ, अंबाड्यात दोन चाफे. पहिलं आवर्तन झकास. मग गुरुजीच घसरले! आवर्तन संपवणाऱ्या मोठ्या घंटेला अजून आठ मात्रा होत्या आणि यांनी ढोलकावर थांबायची खूण वाजवली. निम्म्या थांबल्या, निम्म्या वाजवतच राहिल्या. चाळीस वर्षांत हा माणूस चुकलेला नाही. आणि नजर सारखी माझ्यावर! लोक कुजबुजत होते, त्यांचा चेहरा पडला होता, मला मात्र मनातून उकळ्या फुटत होत्या. या वयात एखाद्याचा ताल चुकवावा!

१८ ऑगस्ट, सोमवार
त्यांची मुलगी एंडांग सकाळीच आली. दाराआड उभी राहून हळू बोलली.
"मावशी, बाबांचा कान वर्षभर उतरत होता, आता काहीच ऐकू येत नाही. कुणाला बोलू नका, शिकवणं सुटलं तर खचतील. तुमची हलती मान बघून मात्रा धरतात ते. काल मान का हो थांबवलीत?"
बुधवारी जाणार. चाफा माळूनच. मान हलवणार — अगदी कोंबडीसारखी.