तिसऱ्यांदा उतरवलेले केस

आबा, माझे केस तुम्ही तीनदा उतरवलेत, आणि तिसऱ्या वेळी तर तुम्ही जिवंतही नव्हता. पहिल्यांदा जावळ काढलं तेव्हा. नवसाचे म्हणून पाच वर्षं वाढवलेले केस देवापुढे गेले, मी रडून गाव डोक्यावर घेतलं, पण त्याचा राग नाही. दुसऱ्यांदा मी कळती होते. ताईचं परकर-पोलकं घालून आरशापुढे उभी होते, आणि तुम्ही मला अंगणात ओढलंत. शेजारीपाजारी बघतायत, बैलं भादरायची कातर माझ्या डोक्यावर चालतेय, आणि तुम्ही ओरडताय, "पोरगा हायस तू! पोरगा ऱ्हायचं नसंल तर ह्या घरात ऱ्हाऊ नको." नाहीच राहिले. आपलं बोरी गाव सोडलं, तमाशाच्या फडात गेले, केस कमरेपर्यंत वाढवले. गंगावन न लावता गौळणीतली राधा व्हायचे मी, आबा. पेडगावच्या जत्रेत बाया विचारायच्या, "केसाला काय लावतीस गं?" त्या 'गं'साठी मी उपाशीपोटीही नाचले असते.

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात एसटी थांबल्या होत्या. फड जिंतूरला होता. चुलतभाऊ सायकल हाणत आला. "आबा गेले. थोरला तूच हायस, दहाव्याला डोकं करावं लागंल." इतकी वर्षं त्या घरात मी कुणीच नव्हते, आणि तुम्ही डोळे मिटताच थोरला मुलगा झाले! अंगाची आग आग झाली. "धाकटा हाय की," मी म्हणाले. पण घरी गेल्यावर आईनं हात धरले, "लोक नावं ठेवायलेत, बाबा. एवढं कर." न्हाव्यानं वस्तरा फिरवला. वेणी मातीत पडली, ती कुणी उचललीही नाही.

फडात परतले तर मालक म्हणाले, "टकली राधा कोण बघंल?" मला धोतर नेसवून सोंगाड्या केलं. टकलावर टपली बसली की तंबू हसायचा. जन्मात सोंग घेतलं ते तेवढंच, पुरुषाचं, आणि तेही तुमच्यापायी. त्याची चीड अजून जात नाही.

केस पुन्हा वाढले, आता पिकलेत. फडातल्या पोरी विचारतात, एवढी घट्ट वेणी कुणी शिकवली? मी एका जुन्या नाचणारणीचं नाव सांगते. हे पत्र काही त्यांना दाखवणार नाही. जावळाआधी आई रानात गेली की तुम्हीच मला पुढ्यात घ्यायचात आणि दाव्याला पीळ द्यावा तसे पेड ओढून वेणी घालायचात. मी अजून तीच घालते.