कोपऱ्यातली खुर्ची

अगं, आपला अबोला चालू आहे म्हणून लिहून ठेवतोय. तुझ्या कपाटाचे दोन्ही आरसे आजही नेलेत, कारण दुपारी पुन्हा प्रयोग आहे. संध्याकाळी होते तसे बसवून देतो.

काल लेकीनं भर सभागृहात मला गायब केलं! टेबलाच्या पायांमध्ये तुझे आरसे तिरके लावले, की खाली काहीच नाही असं वाटतं. त्यांच्यामागे मी, ढेरी आवळून. दोनशे माणसांना पत्ता लागला नाही.

बिंग फुटतं ते फक्त उजव्या टोकाच्या खुर्चीवरून, म्हणून ती मी भिंतीला लावून ठेवली होती. उशिरा आलेल्या कुणीतरी नेमकी तीच ओढून घेतली. बघतो तर तू! "असल्या थेरांना मी यायची नाही" म्हणणारी. मला उकिडवा बसलेला पाहून तू तोंडावर हात धरलास. शेजारच्या बाईनं काहीतरी विचारलं, तेव्हा साळसूदपणे खांदे उडवलेस. आणि टाळ्या सगळ्यांच्या आधी तुझ्याच!

आज ती खुर्ची मीच तिथे मांडून ठेवतोय. तुझ्याशिवाय कुणाला बसू देणार नाही.